‘कॉर्पस डेलिक्टाय’ : एका षष्ठीची चिकित्सा

मृतदेह सापडला नसता खुनाचा आरोप सिद्ध होऊ शकतो काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ विधिशास्त्राचा आहे. तथापि त्याभोवती जो गोंधळ दीर्घकाळ माजला त्याचे मूळ पुष्कळ अंशी शब्दार्थाच्या व वाक्यार्थाच्या क्षेत्रात आहे; म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये. ‘कॉर्पस डेलिक्टाय’ ही लॅटिन संज्ञा आणि सर मॅथ्यू हेल या इंग्लिश न्यायाधीशाचे एक वाक्य, ही या गोंधळाची दोन प्रमुख स्थाने होत.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘डेलिक्टाय’ हे ‘डेलिक्टम्’, म्हणजे अपराध, या नामाचे षष्ठीचे रूप आहे. अर्थात् येथे ‘शरीर’ आहे ते अपराधाचे, मृताचे नव्हे. चोरी अथवा जाळपोळ यांत प्रेताचा संबंध नसतो, तरी ‘कॉर्पस डेलिक्टाय’ त्यांनाही असतेच. अपराध घडला ही वस्तुस्थिती ज्या घटकांनी बनते त्यांचा समुच्चय, एवढाच या शब्दाचा अर्थ. जस्टिनियनच्या विधिसंग्रहास ‘कॉर्पस’ म्हटले जाते, किंवा दंडी काव्याच्या शरीराची चर्चा करतो, तेव्हा कोणी हाडामांसाचा शोध घेत नाही. इंग्रजीत मात्र प्रेतवाचक ‘कॉर्प्स’ हा शब्द त्याच लॅटिन मूळापासून आलेला असल्यामुळे भ्रम सुलभ झाला. मराठीत प्रेत, मुडदा, मयत हे शब्द निराळ्या कुळांतले. तेव्हा तो भ्रम आपल्याकडे आपोआप होण्याचे कारण नाही. पण ‘अपराधशरीर’ असा शब्दशः प्रतिशब्द योजल्यास तो विकत घेतल्यासारखे होईल. ‘अपराधाचे अस्तित्व’ हा साधा पर्याय अधिक निर्दोष आहे.

या भ्रमाची किंमत केवढी असू शकते, हे जॉन जॉर्ज हेग याच्या खटल्यावरून दिसते. १९४९ साली इंग्लंडमधील क्रॉली येथे त्याने एका वृद्ध स्त्रीचा खून करून तिचा देह गंधकाम्लात विरघळविला. देह नाही तर खून नाही, अशी त्याची दृढ समजूत होती. तिच्याच बळावर त्याने पोलिसांपुढे कृत्य सांगून टाकले. प्रत्यक्षात पित्ताशयातील खडे, पायाचा काही भाग आणि कृत्रिम दातांची कवळी एवढे अवशेष कीथ सिम्प्सन या शवचिकित्सकाला मिळाले आणि कवळी दंतवैद्याने ओळखली. १० ऑगस्ट १९४९ रोजी हेगला फाशी झाली. त्याने एक षष्ठी चुकीची लाविली होती.

आता हेलचे वाक्य. हेल १६७६ साली वारला व त्याचा फौजदारी कायद्यावरील ग्रंथ १७३६ साली प्रसिद्ध झाला. कृत्य घडल्याचे सिद्ध झालेले नसेल, किंवा निदान मृतदेह सापडलेला नसेल, तर खुनाबद्दल कोणासही दोषी ठरवू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. या वाक्यात विकल्प आहे. उत्तरकालीनांनी विकल्पाचा पूर्वार्ध गाळून उत्तरार्धाचा नियम बनविला. हा पाठाचा दोष नव्हे, वाचनाचा आहे.

असे असले तरी या वाचनामागील भीती निराधार नव्हती. १६६० साली कॅम्पडेन येथील विल्यम हॅरिसन हा वृद्ध कारभारी नाहीसा झाला. रस्त्यावर त्याच्या रक्ताळलेल्या वस्तू आढळल्या. जॉन पेरी या त्याच्या चाकराने आपली आई व भाऊ यांच्यावर खुनाचा आरोप केला. प्रेत न मिळाल्यामुळे पहिल्या न्यायाधीशाने खुनाचा खटला चालविण्यास नकार दिला. दुसऱ्याने तो चालविला आणि १६६१ साली तिघांनाही फाशी झाली. १६६२ साली हॅरिसन जिवंत परतला.

या प्रकरणातील प्रमाददोष मीमांसकांच्या परिभाषेत नेमका दाखविता येतो. अर्थापत्तीचे सुप्रसिद्ध उदाहरण असे : जिवंत देवदत्त घरी नाही, म्हणून तो बाहेर असला पाहिजे. येथे ‘जिवंत’ हे विशेषण अलंकारासाठी नाही. देवदत्ताचे जीवित अन्य प्रमाणाने निश्चित नसेल, तर घरातील अभावावरून काहीच निष्पन्न होत नाही. कॅम्पडेनच्या न्यायसभेने हेच उलट्या दिशेने केले : अभावावरून मरण कल्पिले. अभाव स्वतः मरणाचे प्रमाण होत नाही. जिवंत असता ज्याची उपलब्धी अवश्य झाली असती त्याचीच अनुपलब्धी प्रमाण ठरते. दूरदेशी जहाजे जाणाऱ्या काळात, पत्रव्यवहार दुर्मिळ असता, हॅरिसनच्या बाबतीत ही योग्यता नव्हती.

१९५५ साली ओनुफ्रेयझिक खटल्याच्या अपिलात मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी मृत्यू परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येतो, असा निर्णय दिला. वेल्समधील त्या शेतावरचा भागीदार नाहीसा झाला होता आणि देह कधीच मिळाला नाही. पण स्वयंपाकघरातील रक्ताचे डाग, भागीदारीतील वितुष्ट आणि आरोपीची खोटी ठरलेली हकीकत यांचा एकत्र विचार झाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारले. मात्र, केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर भिस्त असेल तर तो निर्णायक व मनुष्यवधाकडेच अचूक नेणारा असला पाहिजे, अशी अटही घातली.

या तत्त्वाच्या समर्थनार्थ, देहाचा आग्रह धरल्यास धूर्त खुनी सुटतील, असा युक्तिवाद नेहमी करण्यात येतो. तो साध्यसम आहे. कारण जे सिद्ध करावयाचे, म्हणजे आरोपी खुनी आहे हे, तोच हेतूत गृहीत धरतो. तत्त्वाचे खरे बळ घातलेल्या अटीत आहे. अटीवाचून तत्त्व म्हणजे कॅम्पडेनची पुनरावृत्ती होय. सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या व्यक्तीविषयीचे गृहीतक २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. तेही फार तर मरण सांगते, वध सांगत नाही.

ऐतिहासिक भाषाशास्त्रात अनुपलब्ध रूपांची सिद्धी नित्याची आहे. सोस्यूरने १८७९ च्या प्रबंधात केवळ संगतीवरून कल्पिलेल्या घटकांचा मागमूस हित्तीत मिळतो, हे कुरिलोविच यांनी १९२७ साली दाखविले. पण भाषाशास्त्रज्ञ कल्पित रूपापुढे तारका ठेवतो, आणि नवा पुरावा मिळताच ते रूप पुसतो. न्यायनिर्णयात तारकेला जागा नाही, आणि फाशी पुसता येत नाही. म्हणून हेलच्या वाक्यातील ‘किंवा’ वाचावा. परंतु त्याच्या आधी येणारे ‘सिद्ध’ हे पद कधीही सैल वाचू नये.