'त्यानं यावं' आणि 'किते होशी'

'गेंकी' या जपानीच्या पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागात, धडा 21 मध्ये, '-ते होशी' हे रूप येतं. दुसऱ्यानं काही करावं ही आपली इच्छा त्यातून सांगतात. स्पष्टीकरण इंग्रजी 'वॉन्ट'च्या आधारानं दिलंय, आणि माझा आक्षेप तिथंच आहे. स्वतः जायचं असो की दुसऱ्यानं, इंग्रजीत 'वॉन्ट' एकच. जपानीत स्वतःसाठी 'इकिताई', दुसऱ्यासाठी 'इत्ते होशी'. शिरूर-दौंडच्या मुलाला हा भेद घरूनच येतो: 'मला जावंसं वाटतं', पण 'त्यानं जावं असं मला वाटतं'. नकाराचंही तसंच. 'येऊ नये असं वाटतं' म्हणजे 'कोनाइदे होशी'. 'यावं असं वाटत नाही' म्हणजे 'किते होशिकुनाई'. मग मधे इंग्रजी कशाला?

पण थांबा, एका जागी मराठीही फसवते. आपल्या लग्नपत्रिकेत 'आपण सहकुटुंब यावे' हा आदर असतो. तेच 'यावे' मनात धरून रांजणगाव एमआयडीसीत कुणी जपानी साहेबाला 'किते होशी देसु' म्हटलं, तर ते आपली इच्छा वरिष्ठावर लादल्यासारखं होतं. तिथं 'किते इतादाकेमासेन का' असं विचारायचं, म्हणजे 'येण्याची कृपा कराल का?'

म्हणून तुलनात्मक व्याकरणावर काम करणार असाल, तर रूपं जुळली की तक्ता मिटवू नका. हे वाक्य कोण कुणाला म्हणू शकतं, हा रकाना त्यात हवाच.