‘मुकद्दर का सिकंदर’ : कथानकातील दाटी आणि जोहराचा मृत्यू

प्रकाश मेहरा दिग्दर्शित ‘मुकद्दर का सिकंदर’ (१९७८) हा अमिताभ बच्चन यांच्या लोकप्रियतेच्या ऐन बहरातील चित्रपट होय. सुमारे तीन तासांत अनाथ बालक, त्याच्यावर आलेला चोरीचा आळ, मानलेली आई व बहीण, कब्रस्तानातील फकीर, तस्करीच्या मालाची खबर देऊन मिळालेली संपत्ती, वकील मित्र, कोठ्यावरील जोहरा, तिच्यावर जीव टाकणारा दिलावर, अपहरण आणि लग्नघरातील मृत्यू एवढा ऐवज त्यात कोंबलेला आहे. या दाटीस दोष म्हणणे सोपे आहे. ही दाटी कथेत कोणते कार्य करते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

चित्रपटाचा सांगाडा शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’ (१९१७) या कादंबरीशी जुळणारा आहे. सिकंदर, कामना आणि जोहरा यांच्यामागे देवदास, पारो आणि चंद्रमुखी सहज दिसतात. मात्र देवदासच्या विनाशास त्याचे घराणे जितके कारणीभूत आहे, तितकाच त्याचा स्वतःचा भित्रेपणाही. शरच्चंद्र नायकास ही जबाबदारी टाळू देत नाहीत. सिकंदराच्या बाबतीत कथेला एवढेच करायचे आहे, की त्याने ‘मेमसाब’जवळ मन मोकळे करू नये. ते वाक्य ओठांवर येण्याची वेळ आली की एखादे नवे संकट, नवे उपकार अथवा नवा मित्र मध्ये उभा केला जातो. विशाल आणि कामना यांचे प्रेम जमल्यावर तर सिकंदराचे मौन त्यागाच्या पदवीस पोचते. पीटर ब्रुक्स यांनी ‘द मेलोड्रॅमॅटिक इमॅजिनेशन’ (१९७६) या ग्रंथात सर्व काही उघडपणे व्यक्त करण्याची आकांक्षा हे अतिनाट्याचे लक्षण मानले आहे. येथे ते उघड बोलणे अखेरच्या क्षणापर्यंत लांबवायचे असल्याने मधली जागा घटनांनी भरावी लागते.

या मौनास आरंभी खरा आधार आहे. सिमल्याच्या बंगल्यातून पोरक्या नोकरास हाकलणारा रामनाथ डॉ. श्रीराम लागू यांनी साकारला आहे. ‘नटसम्राट’मधील (१९७०) लागू ज्यांनी अनुभवले, त्यांना ही भूमिका तोकडी वाटेल, परंतु वर्गभेदाला संपूर्ण चित्रपटात एकदाच स्पष्ट चेहरा लाभतो, तो या भूमिकेत. मानलेल्या आईच्या मृत्यूनंतर फकिराने मुलास दुःखात हसण्याचा दिलेला उपदेशही परिणामकारक आहे. (फकीर आणि संवादलेखक दोन्ही कादर खानच.) पुढे मात्र वर्गाचा प्रश्न गैरसमजांच्या गर्दीत हरवतो.

गुन्हेगारीचे उपकथानक तर सर्वांत पोकळ आहे. ‘दीवार’मध्ये (१९७५) तस्करी हाच नैतिक पेच होता, त्याने भावास भावापासून, मुलास आईपासून तोडले. येथे गुन्हेगारी नायकास आधी संपत्ती पुरवते, नंतर वैरी. सिकंदराचे हात मात्र स्वच्छच राहतात.

या सर्वांची किंमत जोहरा मोजते. सिकंदराच्या कोठ्यावरील येण्याजाण्यामुळे मेहरूचे लग्न अडते, म्हणून विशाल जोहराकडे जाऊन पैसे देऊ करतो. ती पैसे नाकारते, परंतु त्याची मागणी मान्य करते आणि शब्द पाळता येत नाही असे दिसताच विष घेते. प्रतिष्ठित घराच्या सोयीसाठी एका स्त्रीने नाहीसे व्हावे, ही मागणी करणारा पुरुष कायद्याचा पदवीधर आहे. त्यास कथा जाब विचारत नाही. त्याचा हेतू चांगला होता, एवढ्यावर तो सुटतो. शरच्चंद्रांची चंद्रमुखी व्यवसाय सोडते, खेड्यात जाऊन राहते, देवदासचा शोध घेते. तिला आयुष्य आहे. सहा दशकांनंतरच्या या चित्रपटात तिच्या वारसदाराला तेही मिळत नाही. रेखा यांच्या संयत अभिनयामुळे हा अन्याय अधिकच जाणवतो, हे दिग्दर्शकास अभिप्रेत होते असे म्हणण्यास आधार सापडत नाही.

जोहराच्या मृत्यूनंतर कथेला शोकासाठी उसंत नाही. अपहरण आणि हाणामारी ताटकळत असते. दिलावर सिकंदरास प्राणघातक जखमी करतो आणि स्वतः मरताना त्याला कळते, की सिकंदराचे जोहरावर प्रेम नव्हतेच. म्हणजे ज्या वैरावर चित्रपटाचा उत्तरार्ध उभा आहे, ते वैरच निराधार होते. त्यानंतर सिकंदर लग्नघरी पोचतो आणि मरता मरता इतका काळ दडवलेले बोलून टाकतो. ते बोलणे कामनेविषयीचे असते.