वेचणाऱ्याची नजर

भरती परतताना वाळूवर एक वाकडीतिकडी रेघ मागे ठेवून जाते. शेवाळाचे तुकडे, सुरूच्या काड्या, जाळ्याच्या दोरीचा एखादा सुटलेला पीळ, पांढरे हलके समुद्रफेन आणि या साऱ्यात मिसळून गेलेले शंख-शिंपले. गुहागरच्या लांबच लांब पुळणीवर फिरायला आलेला माणूस ही रेघ ओलांडून थेट पाण्याकडे जातो. शंख वेचणारा मात्र तिथेच थबकतो आणि मान खाली घालून तिच्या काठाकाठाने चालू लागतो. थोडे निरखले की कळते, रेघ एक नसतेच. वर सुरूच्या बनाजवळ मागच्या उधाणाची सुकलेली रेघ, तिच्या खाली कालच्या भरतीची, आणि त्याहून खाली नुकत्याच हटलेल्या पाण्याची ओली, चकाकती. हलके ते वर आणि जड ते खाली, अशी ढोबळ वर्गवारी लाटांनीच करून ठेवलेली असते. आपल्याला फक्त ती वाचायची असते.

या वाचनाची वेळही समुद्रच ठरवतो. कोकणातल्या जुन्या माणसांना त्यासाठी छापील कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ हाती येते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून निघणारे फळ मोठे रसाळ आहे. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे मागे सरत नाही आणि ओहोटी येते ती भर दुपारी, डोक्यावरच्या सपाट उन्हात. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी दूरवर हटते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती खोल ओहोटी नेमकी सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पडते. त्या उजेडात वाळूवरच्या प्रत्येक उंचवट्याला सावली फुटते; नखाएवढा शंखही आपल्या सावलीमुळे दहा पावलांवरून दिसतो. चंद्राने पाणी ओढून घ्यावे आणि सूर्याने त्याच घटकेला दिवा तिरपा धरावा, असा हा योग महिन्यातून दोनदा जुळून येतो.

आता पहिला शंख उचलू या, आणि तोही मुद्दाम अगदी सामान्य. वाळूत शेकड्यांनी सापडणारे, सदऱ्याच्या बटणाएवढे, चपटे, गुळगुळीत शंख आपण सर्वांनी लहानपणी मुठी भरभरून आणलेले आहेत. शास्त्रात त्यांना अंबोनियम म्हणतात. पण मूठ उघडून ते तळहातावर एकेक पसरले की नजर हळूहळू अडखळू लागते. हा राखी, त्याच्यावर तपकिरी आडवी नागमोड. हा फिका गुलाबी, त्याच्या वेढ्याच्या काठाने बारीक ठिपक्यांची रांग. हा जवळजवळ काळा, आणि त्याच्या मधोमध एकच पांढरट वलय. एकाच जातीचे, एकाच वाळूतले, आणि तरीही एकासारखा दुसरा नाही. दुर्मिळ शंखाच्या शोधाची दीक्षा मिळते ती इथेच. सामान्याचे शंभर चेहरे ज्याच्या ओळखीचे झाले, त्यालाच एकशे एकावा वेगळा आहे हे कळते. बाकीच्यांच्या पायाखालून रत्नेही तशीच निघून जातात.

पुढे एक पांढरा शिंपला. अर्धाच, बिजागरीच्या जवळ एक भोक पडलेला. अशा भोकाच्या शिंपल्यांतून दोरा ओवून माळ करणाऱ्या मुलांना ते भोक म्हणजे समुद्राची सोयच वाटते. पण तो शिंपला डोळ्याजवळ आणा. भोक पुरते वाटोळे आहे, आणि त्याची कड सरळ उतरत नाही. बाहेरून रुंद, आत अरुंद, अशी ती एकसारखी तासत गेलेली आहे. हे काम नॅटिका नावाच्या शंखातल्या शिकारी जिवाचे. तो वाळूच्या आतून सरपटत येतो, शिंपल्याला आपल्या रुंद मांसल पायात कवटाळतो, आम्लाने कवच मऊ करतो आणि दातेरी जिभेने किसत किसत, कित्येक तास खपून, हे भोक पाडतो. आतला जीव केव्हाच संपला. मारेकऱ्याची कारागिरी तेवढी उरली. पाव सेंटिमीटरच्या त्या वर्तुळात वाळूखालचे एक संपूर्ण नाट्य मिटलेले असते, आणि आपण ते चिमटीत धरून उभे असतो.

सारेच शंख भरतीच्या रेघेवर येत नाहीत. काही खडपात, कातळाच्या कपारीत अडकून राहतात. काही खाडीच्या मुखाशी, जिथे ओढा वळतो तिथे साचतात. आणि काही रापणीबरोबर येतात. रापण ओढून झाली, मासळी पाट्यांत गेली, की जाळे झटकले जाते, आणि थोड्या खोल पाण्यातले काटेरी, लांब चोचीचे शंख वाळूवर पडतात. अशा ठिकाणी क्वचित भाग्य उघडते आणि आर्किटेक्टोनिका हाती लागतो. वरून पाहिला तर बसका, गोल, तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचे पट्टे वेढ्यांबरोबर फिरत मध्यापर्यंत गेलेले. इथवर तो सुंदर आहे, इतकेच. आता तो पालथा करा. तळाच्या मधोमध एक खोल नाभी आहे आणि तिच्या भिंतीवरून दातेरी कड फेर धरत खाली, आणखी खाली उतरत गेली आहे. जणू एखादी इवलीशी पायविहीर, जिच्या पायऱ्या नजरेनेच उतरायच्या. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली या शंखाला ‘पर्स्पेक्टिव्हा’ म्हटले ते याच खोलीच्या भासासाठी असावे, असे मानायला मन लगेच तयार होते. आणि नजर तळाशी पोहोचली की ध्यानात येते, आपण त्या जिवाच्या बालपणापाशी आलो आहोत. कारण शंखातला प्राणी घर बदलत नाही. तो कडेला भर घालत घालत वाढतो. त्याचा पहिला, टाचणीच्या टोकाएवढा वेढा अखेरपर्यंत जागच्या जागी असतो, आणि पुढचे सारे आयुष्य त्याच्याभोवती गुंडाळलेले असते.

पावसाळ्यात, नैर्ऋत्येचा वारा अखंड वाहत असताना, याच पुळणीवर एक निराळाच पाहुणा येतो. जँथिना. संपूर्ण जांभळा शंख, आणि इतका पातळ की बोटांनी जरा दाबला तरी चिरेल. तळाशी राहणाऱ्या शंखांना जाड भिंती लागतात. याला लागत नाहीत, कारण हा तळाला कधी जातच नाही. आपल्या चिकट स्रावात हवेचे बुडबुडे कोंडून तो एक तराफा करतो, त्याला उलटा लटकतो आणि भर समुद्रात वारा नेईल तिकडे वाहत राहतो. आता त्याचा रंग पाहा. तळाची बाजू गर्द जांभळी, शिखराची बाजू फिकी, धुवट. आपल्याला हे उलटे वाटते. पण तो उलटाच तरंगतो. गर्द बाजू आकाशाकडे राहते, म्हणजे वरून पाहणाऱ्या पक्ष्याला ती खोल पाण्यात मिसळलेली दिसते. फिकी बाजू खाली राहते, म्हणजे खालून पाहणाऱ्या माशाला ती उजेडात विरलेली दिसते. रंगाची एक छटा दुसरीत उतरताना जो मोहक संधिप्रकाश आपण त्या शंखावर पाहतो, तो दोन्हीकडच्या शत्रूंपासून लपण्यासाठी घडलेला आहे, हे कळल्यावर त्याचे सौंदर्य कमी होत नाही. त्याला अर्थाचे अस्तर लागते.

आणि इथेच दुर्मिळ या कल्पनेकडे नव्याने पाहावेसे वाटते. जँथिना जगातल्या उष्ण समुद्रांतून विपुल आहे. पण तो वाऱ्याने किनाऱ्याला लागावा, लाटांच्या आपटण्यातून अखंड राहावा, आणि पुढची भरती त्याचा चुरा करण्याआधी आपण तिथे पोहोचावे, हा योग विरळा. उलट उदाहरण कोनस ग्लोरियामारिस या शंखाचे. १७७७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि पुढे जवळजवळ दोन शतके युरोपातले संग्राहक त्याच्या मोजक्या नमुन्यांसाठी झुरत राहिले, प्रचंड किंमत मोजत राहिले. १९६९ साली सॉलोमन बेटांतल्या ग्वादलकनालजवळ पाणबुड्यांना त्याची वस्तीच सापडली आणि भाव कोसळला. पण त्याच्या सोनेरी-तपकिरी अंगावरच्या जाळीदार नक्षीतला एक त्रिकोणही त्या दिवशी कमी झाला नव्हता. दुकानातली दुर्मिळता जातीची असते आणि ती मोजून संपते. पुळणीवरची दुर्मिळता भेटीची असते. म्हणूनच पैसे मोजून आणलेल्या दक्षिणावर्ती शंखाबरोबर संशयही घरात येतो. अस्सल शंखाच्या तोंडातल्या मधल्या खांबावर तीन-चार ठळक घड्या असतात. मेक्सिकोच्या आखाताकडचा जो तशाच वळणाचा शंख त्याच्या नावाने खपवला जातो, त्यावर त्या नसतात. वाळूत स्वतः वाकून उचललेल्या अंबोनियमबद्दल असा संशय कुणाला येत नाही.

या आनंदाला एकच मर्यादा आहे, आणि ती रसिकानेच पाळायची आहे. शंख रिकामा दिसला म्हणजे तो रिकामा असतोच असे नाही. मूळ जीव गेल्यावर शंखखेकडा त्यात बिऱ्हाड करतो. वाढत्या अंगासाठी त्याला मोठ्या शंखाची सतत गरज असते, आणि आपण उचललेला देखणा शंख कदाचित त्याचेच पुढचे घर असतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातही २००१ साली शंख-शिंपल्यांच्या काही जाती समाविष्ट झाल्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्याचे तुकडे बसवत, तो पातळ शिंपला त्यांतलाच. तेव्हा येत्या पौर्णिमेला ओहोटी साधून पुळणीवर जरूर जा, पण पिशवी नेऊ नका. भिंग न्या. हाती आलेला शंख ओल्या वाळूवर पालथा ठेवून दोन मिनिटे थांबा. आतून पाय बाहेर आले तर तो ज्याचा आहे त्याला राहू द्या, आणि नाहीच आले तर मनसोक्त पाहून एखादाच घरी आणा.