नंदू आणि मेलाराम : स्थलांतराच्या दोन कथांतील दुर्लक्षित माणसे

परदेशी स्थायिक होणाऱ्या सुशिक्षित तरुणांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन कलाकृतींचे हमखास स्मरण होते. एक म्हणजे जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे नाटक आणि दुसरी म्हणजे आशुतोष गोवारीकर यांचा २००४ साली प्रदर्शित झालेला ‘स्वदेस’ हा हिंदी चित्रपट. पहिली कलाकृती गेलेल्यांना दोष देण्यासाठी सांगितली जाते, तर दुसरी राहू इच्छिणाऱ्यांना प्रोत्साहन देण्यासाठी. मी स्वतः या दोन्हींचा प्रवचनांत अनेकदा उपयोग केला आहे. आज मात्र कबूल करावेसे वाटते की तो उपयोग बराचसा एकांगी होता.

प्रथम ‘संध्याछाया’ पाहू. नाना आणि नानी हे निवृत्तीनंतर एकाकी पडलेले वृद्ध जोडपे. थोरला मुलगा दिनू अमेरिकेत, धाकटा नंदू हवाई दलात. दार वाजले की ही दोघे हरखतात आणि आलेल्या परक्या माणसालाही गप्पांसाठी बसवून घेऊ पाहतात. विजया मेहता यांनी हे नाटक बसविले आणि नानीची भूमिकाही केली. ते पाहिलेल्या पिढीच्या मनावरून तो प्रयोग अद्याप पुसला गेलेला नाही. नाटकाच्या शेवटी हे जोडपे जीवनाचा अंत करून घेते. हा शेवट एक धर्मगुरू म्हणून मला कधीच स्वीकारता आला नाही. परंतु त्यामागची व्यथा खोटी आहे, असे म्हणण्याचे धाडसही मला कधी झाले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील हौशी कलावंतांनी या नाटकाचा प्रयोग केला. प्रयोगानंतरच्या चार शब्दांत मी उपस्थित तरुणांना ‘दिनू होऊ नका’ असे बजावले. मंडळी पांगल्यावर एक वृद्ध माउली माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “फादर, नाटक चांगलं झालं. पण माझा थोरला आखातात आहे म्हणून माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आणि त्या नाटकातला धाकटा तर देशातच होता ना? तो तरी कुठं परत आला?”

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. नंदू परदेशी गेलेला नव्हता. तो देशाच्या सेवेत होता आणि त्याच सेवेत त्याला मृत्यू आला. म्हणजे नाना-नानींचा एक मुलगा समृद्धीने नेला आणि दुसरा देशाने. दळवींनी जाणारा आणि राहणारा असे दोन पुत्र मुद्दाम समोरासमोर ठेवले आणि दोघांनाही घरापासून तोडले. याचा अर्थ हे नाटक केवळ अमेरिकेविषयीचे गाऱ्हाणे नाही. दळवींनी स्वतः मुंबईतील अमेरिकन माहिती खात्यात दीर्घकाळ नोकरी केली होती; त्या देशाचे आकर्षण आणि त्याची किंमत ही दोन्ही त्यांनी जवळून पाहिली असणार. त्यांच्या नाटकाचा खरा प्रश्न असा आहे की, मुले जवळ नसताना म्हाताऱ्यांचे दार कोण ठोठावणार? नाना-नानींना शेजार नाही, आळी नाही, आपला म्हणावा असा समाज नाही. हे दुःख दिनूने निर्माण केलेले नाही. त्याने ते फक्त उघडे पाडले. आपण मात्र दिनूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि नंदूला विसरलो. शेजाऱ्याला, म्हणजे स्वतःला, निर्दोष ठरविण्याचा तो सोपा मार्ग होता.

‘स्वदेस’ची प्रकृती निराळी आहे. ‘संध्याछाया’त आपण आईबापांच्या डोळ्यांनी पाहतो, येथे गेलेल्या मुलाच्या. नासातील अभियंता मोहन भार्गव आपल्याला वाढविणाऱ्या कावेरीअम्माच्या शोधात चरणपूर गावी येतो. बाटलीबंद पाण्यावाचून पान न हलणारा हा माणूस रेल्वेच्या फलाटावर पाणी विकणाऱ्या मुलाकडून मातीच्या पेल्यातले पाणी घेतो. चित्रपटातील हा सर्वांत सुंदर क्षण. येथे एकही भाषण नाही. पुढे गावकऱ्यांच्या श्रमदानातून छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहतो आणि गावात दिवा लागतो. कथेतले गाव उत्तरेकडचे असले तरी चित्रीकरण बरेचसे वाईजवळच्या मेणवलीत झाले. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ते गाव ओळखीचे वाटते.

चित्रपट प्रामाणिक आहे, यात शंका नाही. जातिभेद आणि मुलांची शाळेतील गळती यांकडे तो डोळेझाक करीत नाही. तरीही त्यात दोन उणिवा राहिल्या आहेत. मोहन ज्या प्रकल्पावर काम करतो तो जगभरातील पर्जन्यमानाच्या मोजणीचा आहे. चित्रपट त्याला गावाच्या दिव्यासमोर काहीसा दूरस्थ आणि निर्जीव ठरवितो. वास्तवात या प्रकल्पाचा मुख्य उपग्रह २०१४ साली अवकाशात गेला आणि भारत व फ्रान्स यांनी मिळून २०११ साली सोडलेला ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा उपग्रहही त्याच योजनेशी जोडला गेला. पावसाची अचूक नोंद ही शेतकऱ्याच्याही उपयोगाची. तेव्हा दूर बसून केलेले काम गावाचे नसते, हे गृहीत धरणे योग्य नव्हे.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. चरणपुरात मेलाराम नावाचा ढाबेवाला आहे. अमेरिकेत जाऊन तेथील महामार्गावर ढाबा काढावा, हे त्याचे स्वप्न. चित्रपटात त्याच्या या स्वप्नाला विनोदी रंग आहे. अभियंत्याचे जाणे-येणे ही गंभीर नैतिक समस्या आणि स्वयंपाक्याची जाण्याची इच्छा मात्र गंमत! आपल्या समाजात अभियंते आणि परिचारिका गेल्या, तसे सुतार, वेल्डर, जहाजावरचे खलाशी आणि स्वयंपाकीही गेले. त्यांच्यापुढे ‘देश बदलण्यासाठी राहा’ असा आग्रह कोणी धरला नाही. देश बदलण्याची जबाबदारी फक्त पदवीधरांची असते काय? आणि मेलारामकडे देशाला देण्यासारखे काहीच नव्हते काय?

प्रत्यक्ष जीवनात या प्रश्नाची अधिक परिपक्व उत्तरे दिसतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथील ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत त्यांनी उभी केली. नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण त्यामुळे सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु ती बाळे प्रत्यक्ष कोणी जगविली? त्याच गावांतल्या, कधीही कोठे न गेलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी. परदेशात मिळविलेली विद्या आणि घट्ट पाय रोवून राहिलेली माणसे यांची तेथे गाठ पडली. ‘स्वदेस’मध्ये दिवा लागतो, पण पुढल्या पावसाळ्यात तो कोण दुरुस्त करणार, हे आपल्याला कळत नाही. गडचिरोलीने नेमका तोच प्रश्न आधी विचारला.

आता एक अप्रिय आठवण. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण स्थापत्य अभियंता कॅनडाला जाण्याआधी सल्ला विचारण्यास आला होता. मी त्याला ‘स्वदेस’ पुन्हा पाहण्यास सांगितले आणि तो थांबला. परिसरातल्या विहिरींचे पाणी मचूळ होत चालल्याने त्याने चर्चच्या सभागृहाच्या छपरावरील पावसाचे पाणी विहिरीत सोडण्याचा आराखडा खर्चासह करून दिला. “सण होऊ दे, मग पाहू,” असे मी म्हणालो. सण झाला, त्यापुढचाही झाला. तीन वर्षांनी तो निरोप घेण्यास आला. “फादर, त्या सिनेमात सगळा गाव फावडं घेऊन येतो,” तो शांतपणे म्हणाला, “मला एक सही हवी होती.” त्याच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२३ सालच्या जागतिक स्थलांतरित दिनासाठी जाण्याचे वा राहण्याचे स्वातंत्र्य हाच विषय दिला होता. राहणे हाही हक्क आहे आणि तो खरा ठरावा यासाठी राहण्याजोगी परिस्थिती निर्माण करावी लागते. मी त्या तरुणाला राहण्याचा उपदेश दिला. राहण्याचे कारण दिले नाही.

म्हणून ‘संध्याछाया’चे प्रयोग अवश्य करावेत आणि ‘स्वदेस’ही मुलांना दाखवावा; दोन्ही कलाकृती त्या योग्यतेच्या आहेत. मात्र प्रयोग संपल्यावर दिनूविषयी बोलण्याआधी नंदूची आठवण काढावी, मोहनचे कौतुक करताना मेलारामला हसू नये आणि आपल्या आळीतल्या नाना-नानींचे दार शेवटचे कधी वाजविले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. त्या तरुणाचा आराखडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. येत्या सभेत तो मी पॅरिश कौन्सिलपुढे ठेवणार आहे. सही उशिरा होईल आणि ती त्याच्या कामी येणार नाही. विहिरीच्या कामी येईल.