कडेचं मूल

मागच्या भाषणानंतर बऱ्याच जणांनी आपल्या मुलांचे, नातवंडांचे उघड्यावर काढलेले फोटो दाखवले. बागेतले, समुद्रावरचे, गावच्या अंगणातले. त्यांच्याबद्दल बोलायचंच आहे, पण आधी पडद्यावरचा हा फोटो बघा.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तो १९३३ साली स्पेनमधल्या सेव्हिल शहरात काढला. भिंतीला भलंमोठं भगदाड पडलंय आणि त्यातून पलीकडे ढिगाऱ्यांत खेळणारी मुलं दिसतायत. हे पडकेपण बघून अनेकांना वाटतं की यादवी युद्धाचा फोटो आहे. पण युद्ध सुरू झालं १९३६ मध्ये. पुढे कुबड्या घेतलेला मुलगा आहे ना, तो हसतोय. भगदाडाची वेडीवाकडी कड हीच इथली चौकट, आणि पांढुरक्या भिंतींमुळे मुलं उठून दिसतात. कुणालाही 'इकडे बघ, हस' असं सांगितलेलं नाही. मुलांचा खेळ चालू आहे, फोटोवाला बाहेर आहे. मला हा फोटो मोठा वाटतो तो यासाठी.

आता आपले फोटो. बहुतेक सगळे उभ्यानं काढलेले. मूल तीन फुटांचं, आपण पाच फुटांवरून बघणार; मग डोकं मोठं, पाय आखूड आणि मागे नुसती फरशी. गुडघे टेका हो, कपडे मळतील तर मळू द्या! समुद्रावर क्षितिजाची रेघ मुलाच्या मानेतून जाते, तिथे थोडं खाली-वर व्हा. भर दुपारी डोळ्यांखाली काळं येतं, तेव्हा मुलाला झाडाच्या सावलीच्या कडेला खेळू द्या. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

खरी अडचण नंतर, एडिटिंगला बसल्यावर. गाल गुळगुळीत, गवत पोपटी, गुडघ्यावरचं खरचटलेलं पुसलेलं. अहो, ते खरचटणं म्हणजे त्या दिवसाची हकिकत होती!

२०१६ साली स्टीव्ह मॅककरी यांच्यावरून मोठा वाद झाला. इटलीतल्या एका प्रदर्शनात क्यूबाच्या फोटोत गडबड दिसली, मग लोक त्यांचे जुने फोटो तपासू लागले. बांगलादेशात १९८३ साली काढलेला, पावसात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा एक फोटो आहे. त्याच्या दोन आवृत्त्या सापडल्या, आणि एकीत एक मुलगा नाहीच. मॅककरींचं म्हणणं, मी स्वतःला दृश्यांतून गोष्ट सांगणारा मानतो. ठीक आहे. रचना म्हणून एक मूल कमी असलेला फोटो जास्त सुटसुटीत दिसतो, हेही मान्य. पण तो मुलगा त्या दिवशी चिखलात खेळला होता की नाही?

मी हे फार तोऱ्यात बोलू नये. मालवणजवळ भाचीचा फोटो काढला होता, खळ्यात, संध्याकाळच्या उन्हात. शेजारचा मुलगा कडेला अर्धवट आला होता, म्हणून क्रॉप केला. फोटो झकास झाला. पुढच्या मे महिन्यात मोठा छापून घेऊन गेलो. तो मुलगा जवळ आला, भाचीच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, ह्यो माझो हात. मी खंय?" खांद्यावर त्याची चार बोटं राहिली होती. मला दिसलीच नव्हती.

(श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे क्रॉप करायचंच नाही?)

करा की. क्रॉप करायला नाखूश असणाऱ्या ब्रेसाँनाही १९३२ चा तो सँ-लाझार स्टेशनमागचा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो कापावा लागला होता, कारण भिंगासमोर कुंपणाची फळी आली होती. फळी कापा, रिकामं आभाळ कापा, कचऱ्याचा डबा कापा. मूल कापायच्या आधी मात्र ते तिथे काय करत होतं हे एकदा बघा. आणि मूळ फाइल ठेवा.

माझ्याकडे ती होती. पूर्ण फोटो पुन्हा छापला. तो कडेला, अर्धा, डोळे मिटलेले. रचना काही खास नाही. त्यांच्या ओटीवर लावलाय.

हं, मागे कुणी हात वर केलाय?