भंगेचें शेत आणि गांजाचें शेत

पाणिनीच्या पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत शेतांच्या नांवांविषयीं एक सूत्र आहे. तीळ, माष, उमा, भंगा आणि अणु हीं पिकें ज्या शेतांत होतात, त्या शेतांचीं नांवें कशीं साधावीं, हें त्यांत सांगितलें आहे. त्यानुसार भंगेच्या शेतास ‘भाङ्गीन’ किंवा ‘भङ्ग्य’ म्हणावें. प्रस्तुत लेखकानें हें सूत्र बरींच वर्षें शिकविलें आणि प्रत्येक वेळीं ‘भांगेचें शेत’ एवढाच अर्थ सांगितला. मुलें हंसत, आणि गुरुजीहि हंसून पुढील सूत्राकडे वळत. निवृत्तीनंतर भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगाचा १८९४ सालचा अहवाल सावकाश वाचण्याचा योग आला, तेव्हां आपण इतकीं वर्षें विद्यार्थ्यांपुढें चुकीचें चित्र ठेवीत होतों, अशी खात्री झाली. त्या चुकीचें परिमार्जन व त्या अहवालाचें परीक्षण, असा दुहेरी हेतु या टिपणाचा आहे.

ब्रिटिश पार्लमेंटांत केन यांनीं प्रश्न उपस्थित केल्यावर १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें हा आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. ११९३ साक्षी झाल्या आणि अहवाल व पुरावा मिळून सात खंड प्रसिद्ध झाले. परिमित सेवनानें विशेष अपाय होत नाहीं व संपूर्ण बंदी योग्य नाहीं, हा त्याचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. अहवालाचा आधार घेणारे बहुतेक लोक तेवढीं पानें उघडून थांबतात. आमच्या मतें इतिहासाच्या अभ्यासकास त्याहून मोलाचा असा भाग लागवडीचा आहे. हेमचंद्र केर यांचें १८७७ चें व डेव्हिड प्रेन यांचें १८९३ चें, अशीं बंगालच्या लागवडीवरील दोन प्रतिवृत्तें आयोगापूर्वीं झालेलीं होतीं. त्यांच्या जोडीनें हा भाग वाचावा.

त्या काळीं गांजाची लागवड मोजक्याच ठिकाणीं होई. बंगालमध्यें राजशाही, दिनाजपुर व बोगरा या जिल्ह्यांच्या सीमेवर नौगांवच्या भोंवतालीं ‘गांजा महाल’ होता; तो मुलूख आज बांगलादेशांत आहे. मध्यप्रांतांत खांडवा आणि मुंबई इलाख्यांत मुख्यत्वें अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हीं दुसरीं केंद्रें. नौगांवकडील रीत अशी : ऑगस्टांत वाफ्यांत रोप टाकावयाचें, सप्टेंबरांत निचऱ्याच्या उंच जमिनींत त्याची लावणी करावयाची, नोव्हेंबरांत खालच्या फांद्या छाटावयाच्या. फुलोऱ्याचें चिन्ह दिसतांच ‘पोद्दार’ नांवाचा पारखी शेतांत येई. या वनस्पतींत नर व मादी हीं झाडें निरनिराळीं असतात. पोद्दार नर झाडें ओळखून मोडून टाकी, आणि मागाहून दिसतील तीं शेतकरी स्वतः फिरून काढी.

एवढा खटाटोप कशासाठीं ? नराचा पराग वाऱ्यावर उडतो. तो मादीस लागला कीं फुलोऱ्यांत बीं धरतें, राळ कमी येते व मालाची किंमत उतरते. स्वतःचें शेत निर्मळ ठेवूनहि शेजाऱ्याच्या आळसानें पीक बिघडावें, असा हा प्रकार आहे. त्यांत उघड्यावरचीं इतर संकटें आहेतच. पाणी सांचलें कीं मूळ कुजतें. फुलोरा दाट भरल्यावर अवेळीं पाऊस किंवा दमट धुकें आलें कीं आंत बुरशी शिरते. अळी कणसांत बसून बाहेरून दिसेनाशी होते. निपाणीकडील तंबाखूचा शेतकरी ज्यास बंबाखू म्हणतो, त्याच कुळांतील एक परोपजीवी वनस्पति या झाडाच्याहि मुळांवर वाढते. महिनोंमहिने जपलेलें पीक अखेरच्या पंधरवड्यांत हातचें जावें, हें या लागवडीचें वैशिष्ट्यच म्हणावयाचें.

उलट पक्षीं, हिमालयाच्या पायथ्याशीं हेंच झाड कोणी न पेरतां, न राखतां उगवतें, आणि त्याचीं पानें भांग म्हणून वापरतां येतात. तेव्हां भांग रानांत मिळते, पण चांगला गांजा कष्टानें करावा लागतो. जें रानांत उगवतें त्यावर बंदी चालत नाहीं; जें इतक्या निगराणीवांचून येत नाहीं तें थोड्या गांवांत कोंडून त्यावर परवाना व कर बसवितां येतो. आयोगाच्या साऱ्या करनीतीचें इंगित एका नर झाडांत आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु लागवडीचें वर्णन अहवालाच्या आरंभीं व धोरणाची चर्चा अखेरीस पडल्यामुळें हा दुवा असावा तितका ठसठशीत झालेला नाहीं. शिवाय शेतकऱ्याकडे त्यांत करवसुलीच्याच नजरेनें पाहिलें आहे. त्याच्या बुडालेल्या पिकाची कथा आपणांस ओळींच्या मधून वाचावी लागते. हे दोन दोष आम्हांस खरे वाटतात.

अभ्यासकांस यांतून एक कसोटी मिळते. इंग्रजी कागदांतील ‘हेंप’ हा शब्द ताग, अंबाडी आणि भांग या तिन्ही वनस्पतींस लागतो. तो दिसतांच ‘भांग’ असें भाषांतर करणें धोक्याचें आहे. पीक दाट पेरलें कीं विरळ लावलें, फांद्या छाटल्या कीं नाहीं, नर झाडें पराग सुटण्यापूर्वीं काढलीं कीं नंतर, हें आधीं विचारावें. वाखासाठीं लावलेल्या भांगेंतहि नर झाडें आधीं उपटतात. पण तीं सामान्यतः पराग झडल्यावर. म्हणून ‘नर उपटले’ एवढ्यानें गांजा सिद्ध होत नाहीं.

आतां पाणिनीकडे वळूं. त्याची भंगा तीळ, माष व अणु यांच्या पंक्तींत, तेलाच्या व वाखाच्या उमेशेजारीं, म्हणजे जवसाशेजारीं बसली आहे. हें पेरलेलें, कापलेलें, घरसंसाराच्या उपयोगाचें पीक दिसतें. बहुधा वाख व बीं यांसाठींच तें होतें. अथर्ववेदांत भंगेचें नांव सोम, दर्भ व यव यांच्याबरोबर येतें. तेवढ्यावरून मादकतेचें अनुमान निघत नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत मात्र ती अफूच्या जोडीनें व्यवायी द्रव्याचें उदाहरण म्हणून आली आहे. या दोन टोकांमधील कालांत कोणीतरी प्रथम नर झाड वेळेवर उपटलें असेल; त्याचें नांव कोणत्याहि सूत्रांत नाहीं.

१९८५ च्या कायद्यानेंहि गांजाची व्याख्या करितांना शेंड्यांवांचूनचीं पानें व बीं वगळलीं आहेत, आणि परवान्यावांचून लागवड हा गुन्हा ठरविला आहे. झाड एकच असलें तरी शेत एकच नव्हे, हा भेद अद्यापि जिवंत आहे तो असा. नगर भागांतील जुन्या दप्तरांत या पिकाचे उल्लेख कोणास आढळल्यास त्यांनीं वरील कसोटी लावून ते प्रसिद्ध करावेत. ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं हंसत हंसत चुकीचें शेत दाखविलें, त्यांतील कोणी हें वाचील तर त्यानें आपल्या पोथीच्या समासांत एवढी दुरुस्ती करून घ्यावी.