नापास न होणारी चाचणी

जानेवारी २०१५मध्ये 'स्टीम' या संगणकीय खेळांच्या आज्ञावलीने लिनक्स वापरणाऱ्या काही जणांच्या साऱ्या फायली पुसून टाकल्या. दोष एका छोट्याशा शेल-स्क्रिप्टमध्ये होता. अमुक फोल्डरमधील सर्व काही पुसावे, अशी एक ओळ तीत होती. फोल्डरचे नाव शोधण्याची आधीची पायरी फसली, की नावाची जागा रिकामी राही आणि उरे ती फक्त तिरकी रेघ. लिनक्समध्ये नुसती तिरकी रेघ म्हणजे सगळ्या फोल्डरांचे मूळ! लिहिणाऱ्याने त्या ओळीशेजारी 'भीतिदायक' अशा अर्थाचा शेराही मारून ठेवला होता. नाव रिकामे आहे का, हे पाहणारी अट मात्र नव्हती.

अशा स्क्रिप्ट आम्ही संशोधक मंडळी नित्य लिहितो आणि त्या तपासायच्या असतात हे विसरतो. घट, दिवा, तारा सुट्या तपासल्या, तरी मंडल जोडून कळ दाबल्याखेरीज दिवा लागेल की नाही ते कळत नाही. स्क्रिप्टही तशीच जोडकामाची वस्तू आहे. ती अखंड चालवून तिचे फळ आपोआप तपासणे, याला एकात्मिक चाचणी म्हणतात. त्यासाठी सॅम स्टीफनसन यांनी २०११ साली 'बॅट्स' हे साधन तयार केले. २०१७पासून ते इतर स्वयंसेवक सांभाळतात. पडद्यावर ज्या आज्ञा आपण टंकतो, त्याच आज्ञांत चाचणी लिहायची. प्रत्येक चाचणीपुढे 'ओके' किंवा 'नॉट ओके' असे उमटते. नवख्या विद्यार्थ्यालाही तासाभरात जमावे इतके ते सुटसुटीत आहे, आणि आम्ही ते आवडीने वापरतो.

आमची तक्रार 'रन' या त्यातील मुख्य आज्ञेविषयी आहे. युनिक्स पद्धतीच्या संगणकात प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते: शून्य म्हणजे काम झाले, इतर काहीही म्हणजे बिघडले. बॅट्समध्ये एरवी बिघाडाचा अंक येताच चाचणी नापास होते. पण 'रन' लावून स्क्रिप्ट चालवली, की तो अंक 'स्टेटस' नावाच्या डबीत ठेवला जातो आणि 'रन' स्वतः नेहमीच यशस्वी ठरते. डबी उघडून पाहणे हे चाचणी लिहिणाऱ्याचे काम. तो विसरला, तर कोणी आठवण करून देत नाही.

आम्ही विसरलो. आमच्या प्रयोगशाळेत रोजच्या तापमानाची सरासरी काढून एका फायलीत लिहिणारी स्क्रिप्ट आहे. तिच्या चाचणीत आम्ही 'रन' लावले आणि सरासरीची फाइल आहे ना, एवढेच पाहिले. पुढे संगणकाची प्रणाली बदलली. स्क्रिप्टला लागणारी एक आज्ञा नव्या प्रणालीत नव्हती, म्हणून स्क्रिप्ट रोज अर्ध्यावर थांबे. आज्ञा सापडत नसल्याचा १२७ हा अंक डबीत पडून राही. फाइल मात्र होतीच, जुनी. १९ दिवस चाचणी 'ओके' म्हणत राहिली. प्रबंधासाठी आलेख काढणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तापमानाची रेषा इतकी सरळ कशी?" तोवर तिच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा लिहून झाला होता.

चाचणीसाठी दर वेळी कोरे फोल्डर घेतले नाही, ही चूक आमची. परंतु जे साधन निष्काळजी माणसासाठीच बनवायचे, त्याने निष्काळजीपणा गृहीत धरायला नको काय? १.५ या आवृत्तीपासून 'रन'ला अपेक्षित अंक सांगता येतो आणि निराळा आल्यास चाचणी तिथेच अडते. सुधारणा उत्तम, पण ऐच्छिक. सक्ती केली तर जुन्या चाचण्या मोडतील, ही अडचण आम्ही समजू शकतो. तरीही नव्या माणसाला सुरक्षित वाट आधी दिसायला हवी होती. 'अमुक घडू नये' असे उद्गारचिन्ह लावून मधल्या ओळीत लिहिले, तर ती अट फसूनही चाचणी पुढे जाते. हा दोष मूळ शेलचा, बॅट्सकडे वारशाने आलेला.

पिष्ट ओळखण्याचा प्रयोग आपण वर्गात कसा करतो? बटाट्याच्या फोडीवर आयोडिन टाकतो, तसेच साध्या पाण्यातही टाकून दाखवतो. नाहीतर आयोडिनने सगळेच निळे होते, असे एखादा मुलगा म्हणेल, आणि त्याला उत्तर नसेल. चाचणीलाही असे पाणी लागते: स्क्रिप्ट मुद्दाम मोडायची आणि 'नॉट ओके' उमटते का ते पाहायचे. बॅट्स ते आपणहून करत नाही.

त्या प्रकारानंतर आम्ही आमच्या सगळ्या स्क्रिप्ट एकेक करून मोडल्या. १४ चाचण्यांपैकी तीन तरीही 'ओके' म्हणाल्या. दोन दुरुस्त झाल्या. तिसरीत नेमके काय तपासायचे होते, हे ती लिहिणाऱ्या आमच्या सहकाऱ्यालाच आठवेना, म्हणून ती काढून टाकली.